फोटोची तारीख नेमकी कुठे असते?

नवा फोन घ्यायचा, जुन्यातले फोटो केबल लावून कॉम्प्युटरवर उतरवायचे, तिथून नव्यात टाकायचे आणि गॅलरी उघडून बघायची. गेल्या सहा-सात वर्षांतले गणपती, दोन बारशी, कोकणातली सहल आणि मध्येच कुठलंसं विजेचं बिल, असं सगळं एकाच दिवशी घडलेलं दिसतं. तो दिवस कोणता? फोटो नव्या फोनमध्ये टाकले तो. मोबाइलच्या दुकानात विचारलं तर ‘असंच होतं’ एवढंच उत्तर मिळतं. पण त्याच ढिगातले काही फोटो मुकाट्याने आपापल्या जागी बसलेले असतात. २०१९च्या मे महिन्यातला फोटो २०१९च्या मे महिन्यातच असतो. काही फोटोंची तारीख टिकते आणि काहींची जाते, त्यामागे अगदी साधं कारण आहे. एका फोटोला एक तारीख नसते, तीन-चार असतात. त्यांतली गॅलरीला कोणती सापडते, यावर सगळं ठरतं.

विंडोजवर कुठल्याही फोटोवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे ‘क्रिएटेड’ आणि ‘मॉडिफाइड’ अशा तारखा दिसतील. या तारखा फोटोच्या नव्हेत, फाईलच्या आहेत. त्या डिस्कवर ती फाईल कधी जन्मली आणि तिच्यात शेवटचा बदल कधी झाला, याची ती नोंद. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर फोटो घेतला की विंडोज ‘क्रिएटेड’मध्ये आजची तारीख घालतं आणि ‘मॉडिफाइड’ जुनीच ठेवतं. त्यामुळे आधी बदल झाला आणि नंतर जन्म, असा चमत्कारिक प्रकार दिसतो. विंडोजच्या हिशेबाने तो बरोबरच आहे, कारण ही प्रत या डिस्कवर खरोखरच आज जन्मली. केबलने फोनमध्ये फाईल टाकताना तर बऱ्याचदा ‘मॉडिफाइड’ही टिकत नाही.

फोटो काढल्याची तारीख वेगळीच, आणि ती फाईलच्या पोटात असते. जुन्या आंतरदेशीय पत्रावर लिहिणाऱ्याने आत कोपऱ्यात घातलेली तारीख एक असे आणि बाहेर टपालखात्याचे शिक्के निराळे, तसाच हा मामला. शिक्क्यांवरून पत्र कुठून कुठे गेलं ते कळतं, पण लिहिलं कधी हे आतच बघावं लागतं.

हे ‘आत’ प्रत्यक्ष बघता येतं. एखाद्या जेपेग फोटोची वेगळी प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. पडदाभर अगम्य चिन्हांचा कचरा दिसेल. पण पहिल्याच ओळीत त्या कचऱ्यातून रोमन लिपीत ‘एक्झिफ’ ही चार अक्षरं डोकं वर काढतात. थोडं पुढे कॅमेरा किंवा फोन बनवणाऱ्या कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, आणि मग स्वच्छ वाचता येणारी तारीख : २०१९:०५:१३ १७:४२:१०. वर्ष, महिना, दिवस, मग मोकळी जागा सोडून तास, मिनिटं, सेकंद, बाकी सगळ्यांच्या मध्ये अपूर्णविराम. (बघून झालं की नोटपॅड काहीही सेव्ह न करता बंद करा. सेव्ह केलंत तर ती प्रत गेलीच म्हणून समजा.) सोपा रस्ता हवा असेल तर प्रॉपर्टीजमधल्या ‘डिटेल्स’मध्ये ‘डेट टेकन’ म्हणून हीच तारीख दिसते.

एक्झिफ हा ठराव जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९९५मध्ये केला. डिजिटल कॅमेरे तेव्हा नुकते घरांत येऊ लागले होते. प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवल्या असत्या तर एकाचा फोटो दुसऱ्याच्या यंत्राला कळला नसता. म्हणून ठरलं की जेपेगच्या सुरुवातीला, चित्र सुरू होण्याआधी, एक कप्पा ठेवायचा. हा कप्पा जास्तीत जास्त ६४ किलोबाइटचा. त्यात फोटो काढल्याची वेळ, शटर किती वेळ उघडं होतं, भिंगाचं छिद्र केवढं, फ्लॅश उडाला का, कॅमेरा उभा धरला होता की आडवा, असं सगळं लिहायचं. शिवाय त्याच फोटोची नखाएवढी छोटी प्रतही, बहुधा १६० बाय १२० ठिपक्यांची, तिथे ठेवलेली असते. जुन्या काही सॉफ्टवेअरमध्ये फोटो कापला तरी आतली ही छोटी प्रत न कापलेलीच राहायची, आणि ज्याला कापून टाकलं तो माणूस तिथे हसत उभा असायचा.

उभ्या-आडव्याची गोष्टही याच कप्प्यातली. फोन उभा धरून काढलेला फोटो कॉम्प्युटरवर कुशीवर पडलेला दिसतो, ही तक्रार विंडोज सातच्या काळात घरोघरी होती. फोन चित्र फिरवत नाही. ते सेन्सरवर जसं पडलं तसंच ठेवतो आणि एक्झिफमध्ये ‘दाखवताना फिरवून दाखव’ अशी एक खूण करतो. ती खूण न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मंडळी आडवी होतात. विंडोज आठपासून ती वाचली जाऊ लागली आणि मान वाकडी करायची वेळ कमी झाली.

आता व्हॉट्सॲप. गॅलरीतल्या गोंधळाचा मोठा वाटा इथून येतो. तिथे नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की दोन गोष्टी होतात. चित्र लहान केलं जातं, लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांच्या आसपास आणून ते पुन्हा दाबलं जातं. आणि एक्झिफचा कप्पा रिकामा केला जातो. दुसरी गोष्ट खोडसाळपणाने केलेली नाही. त्या कप्प्यात फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर मुलीच्या वाढदिवसाचा फोटो टाकताना घराचा पत्ता शेपन्नास जणांना द्यायचा नसतो. पण पत्त्याबरोबर तारीखही जाते. ॲण्ड्रॉइड फोनमध्ये असा आलेला फोटो ‘आयएमजी-२०१८०४१५-डब्ल्यूए०००७’ अशा नावाने साठतो. बरेच जण या नावातल्या तारखेवर विसंबतात. ती तुमच्याकडे फोटो आला त्या दिवसाची आहे. काकांनी १९९२च्या मुंजीचा फोटो २०१८मध्ये पाठवला असेल तर नावात २०१८च येणार.

नव्या फोनमध्ये एका दिवसाला चिकटलेले फोटो पुन्हा तपासा. त्यांत व्हॉट्सॲपवरून आलेले आणि स्क्रीनशॉटच जास्त निघतील. जे आपल्या जागी राहिले ते तुमच्या फोनने काढलेले, पोटात तारीख शाबूत असलेले. आत तारीख सापडली तर गॅलरी ती घेते. नाही सापडली तर बाहेरची, फाईलची तारीख घेते, आणि ती तर केबलने पुसलेली असते.

यावर उपाय फार सोपा आहे. एखादा फोटो ठेवणीतला असेल तर पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ सांगा. व्हॉट्सॲपमध्ये पिन दाबून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवलेली फाईल न दाबता, न उघडता, मूळ नावासकट जशीच्या तशी येते. २०२३पासून आलेल्या ‘एचडी’ पर्यायाने चित्र थोडं बरं येतं, पण ती मूळ फाईल नव्हे. मूळ आकारात ईमेलला जोडलेली फाईल किंवा ड्राइव्हवर टाकलेली फाईलही शाबूत येते.

इथपर्यंत वाचून पोटातली तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं वाटलं असेल. तशी ती नाही. कॅमेऱ्याला काळवेळ काही कळत नाही. त्याच्यातल्या घड्याळात जे असेल ते तो लिहितो, आणि ते घड्याळ कुणीतरी माणसाने लावलेलं असतं. फोन मोबाइलच्या जाळ्यातून वेळ घेतो, म्हणून त्याचं बरं चालतं. कॅमेऱ्याचं तसं नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत घड्याळासाठी एक छोटा सेल असतो, तो मुख्य बॅटरीवर चार्ज होतो. कॅमेरा बॅटरी काढून कपाटात वर्षभर पडला की तो सेल उतरतो आणि घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर परत जातं. मग दिवाळीचे सगळे फोटो कुठल्याशा वर्षाच्या एक जानेवारीला रात्री बारानंतर काढलेले दिसतात. एखाद्या फाईलवर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दिसली तर तीही खरी नव्हे. अनेक कॉम्प्युटर-प्रणाली जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे १९७०च्या पहिल्या क्षणापासून सेकंद मोजतात. नोंद शून्य असली की भारतात तो शून्य साडेपाच वाजताचा दिसतो.

लग्नाच्या फोटोंत तर घड्याळांची खरी परीक्षा होते. समजा, डिसेंबरात नाशिकला लग्न आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजून १७ मिनिटांचा मुहूर्त. ठरवलेल्या फोटोग्राफरचे फोटो आहेत, घरच्यांच्या फोनवरचे आहेत, आणि कॅलिफोर्नियाहून आलेल्या भाच्याने चांगल्या कॅमेऱ्यावर काढलेले आहेत. भाच्याने उतरल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ बदललेलं नाही. डिसेंबरात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये घालून तारखेप्रमाणे लावले की त्याने टिपलेला अंतरपाट आदल्या रात्री १० वाजून ४७ मिनिटांवर जाऊन बसतो, सीमांतपूजनाच्या जेवणाच्या पंगतीनंतर लगेच. आणि आदल्या संध्याकाळी सात वाजता त्याने काढलेलं सीमांतपूजन त्याच दिवशी पहाटे साडेपाचला. अल्बम करणारा मुलगा बिचारा डोळ्यांनी साड्या ओळखत बसतो.

चूक सारखी असेल तर दुरुस्ती अवघड नाही. भाच्याचे सगळे फोटो निवडून एका हुकमात साडेतेरा तास पुढे सरकवायचे. ॲपलच्या फोटोज ॲपमध्ये आणि गूगल फोटोजच्या वेबवरच्या पानावर एकदम अनेक फोटोंची वेळ सरकवायची सोय आहे. यातलं सगळ्यात भरवशाचं हत्यार म्हणजे एक्झिफटूल. फिल हार्वे यांनी २००३पासून सांभाळलेला हा फुकट प्रोग्राम दिसायला रुक्ष आहे. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करावे लागतात. पण तो थेट फाईलच्या पोटात लिहितो, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. अनुभवी फोटोग्राफर त्याहून सोपी युक्ती करतात. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक कॅमेऱ्याने फोनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवायचा. फोटोत दिसणारी वेळ आणि कॅमेऱ्याने नोंदलेली वेळ यांच्यातला फरक म्हणजे त्या कॅमेऱ्याची चूक.

भाच्याचा दोष किती आणि ठरावाचा किती, हाही प्रश्न आहेच. १९९५च्या एक्झिफमध्ये वेळेबरोबर ती कुठल्या देशाची हे लिहायला जागाच ठेवली नव्हती. १७:४२ म्हणजे पुण्यातले की टोरोंटोतले, हे फाईलला सांगता येत नसे. ती जागा २०१६च्या सुधारणेत आली, म्हणजे एकवीस वर्षांनी. आताचे फोन ती भरतात. जुन्या कॅमेऱ्यांकडून ती अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

फाईलच्या नावांनीही असेच गोंधळ घातले आहेत. कॅमेऱ्यातला डीसीआयएम फोल्डर आणि त्यातली चार अक्षरं-चार आकड्यांची नावं हा १९९८चा ठराव. आठ अक्षरांचीच नावं देता येण्याच्या डॉसच्या जमान्याची ती खूण. आकडा ९९९९ला पोचला की पुन्हा ०००१. त्यामुळे हौशी माणसाकडे त्याच नावाचे दोन-तीन फोटो असतातच, आणि एकाच फोल्डरमध्ये घालताना ‘रिप्लेस’ दाबलं तर जुना फोटो कायमचा जातो. फोन आले आणि पुष्कळ फोनांत नावातच तारीख यायला लागली, हे बरं झालं. पण गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ‘पीएक्सएल’ने सुरू होणाऱ्या नावातली वेळ भारताची नसून जागतिक प्रमाणवेळ असते. नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता अभ्यंगस्नानाचा फोटो काढला तर नावात आदल्या दिवसाची तारीख येते. पोटातली मात्र बरोबर असते.

पत्त्याचा विषय वर ओझरता आला, त्यातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. अँटिव्हायरसमुळे घराघरांत नाव पोचलेले जॉन मॅकॅफी २०१२मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवून पळत होते. शेजाऱ्याच्या खुनाबद्दल त्यांची चौकशी करायची होती. डिसेंबरात ‘व्हाइस’ या नियतकालिकाच्या पत्रकारांनी त्यांच्याबरोबरचा एक फोटो वेबवर टाकला. तो आयफोनने काढला होता आणि त्याच्या एक्झिफमध्ये ग्वाटेमालातली नेमकी जागा होती. ती लोकांनी वाचली आणि थोड्याच दिवसांत मॅकॅफी ग्वाटेमालात पकडले गेले. ज्या माणसाने उभ्या जगाला कॉम्प्युटर सांभाळायला शिकवलं, त्याला त्या ६४ किलोबाइटच्या कप्प्याने पकडून दिलं. अनोळखी माणसाला पाठवायचा फोटो काढताना कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं ‘लोकेशन’ बंद असलेलं बरं. घरच्या सहलींसाठी मात्र मी ते चालू ठेवावं असंच म्हणेन. वीस वर्षांनी तो धबधबा नेमका कुठला, यावर वाद होणार नाहीत.

तारीख दुरुस्त केली, फोटोखाली नावं लिहिली, चेहरे ओळखून दिले, तर ते सगळं जातं कुठे? हे विचारायला आपण सहसा विसरतो. पिकासा आठवत असेल. गूगलने २००४मध्ये घेतलेलं ते फुकट सॉफ्टवेअर इथे घरोघरी होतं. मार्च २०१६मध्ये गूगलने ते थांबवलं. पिकासात लिहिलेल्या फोटोखालच्या ओळी जेपेगच्या आतच जात, त्या आजही दिसतात. पण उजेड वाढवणं, कापणं असे बदल प्रत्येक फोल्डरमधल्या एका छोट्या लपलेल्या फाईलमध्ये राहत. सॉफ्टवेअर गेलं आणि ती फाईल वाचणारं कुणी उरलं नाही. गूगल फोटोजमध्येही असंच आहे. तिथे तारीख बदलता येते, पण सगळे फोटो एकगठ्ठा उतरवून घेतले की मूळ फाईलमध्ये जुनीच तारीख निघते आणि तुमची दुरुस्ती शेजारच्या वेगळ्या मजकुराच्या फाईलमध्ये असते. जून २०२१पासून तिथली अमर्याद फुकट जागा बंद झाली, तेव्हापासून पुष्कळांनी आपले फोटो उतरवून घेतले. वर्षानुवर्षं केलेली लावालावी बरोबर का आली नाही, हे कोडं त्यांना तेव्हा पडलं. नोंद फाईलच्या आत करणारं सॉफ्टवेअर दिसायला ओबडधोबड असलं तरी तेच वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात नाजूक अवस्था कागदावरच्या जुन्या फोटोंची. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या काही कॅमेऱ्यांना पाठीमागे तारखेचं यंत्र असे. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटत. तेव्हा ते फोटो खराब करतात असं वाटायचं. आता वाटतं, होते ते बरं होतं. बाकीच्यांसाठी प्रिंटची मागची बाजू हाच आधार : स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचा छाप, कुणी पेनाने लिहिलेलं वर्ष. घरातला हौशी मुलगा हे सगळे फोटो मोबाइलने भराभर टिपतो आणि आजोबांचं १९६८चं लग्न या वर्षीच्या जुलैत जमा होतं. बाहेरची तारीख बदलायला गेलात तरी नेहमीच्या पेनड्राइव्हवर ते जमणार नाही. त्याची मांडणी अशी आहे की १९८०च्या आधीची तारीख फाईलला देताच येत नाही. एक्झिफमध्ये मात्र १९६८ लिहिता येतं. पूर्ण तारीख माहीत नसेल तर १ जानेवारी १९६८ घालावी आणि फोटोच्या वर्णनात ‘तारीख अंदाजे’ असं लिहावं. वर्णनाशिवाय घातलेली अंदाजी तारीख पुढच्या पिढीला खरीच वाटेल.

तेव्हा जुना अल्बम टिपायला बसाल तर प्रत्येक फोटो चिकटपट्टीतून हलक्या हाताने सोडवा आणि पुढून एक, मागून एक असे दोन फोटो घ्या. मागे काही लिहिलेलं नसेल तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि ते सांगतील ते वर्ष आणि नावं त्याच बैठकीत फाईलमध्ये लिहून टाका. नंतर लिहू म्हणून ठेवू नका.